दंडाची पावती जपून ठेवा

(विहाराच्या वर्धापनदिनी उपासक-उपासिकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

वर्धापनदिनाला धम्मावर बोलावे अशी आपल्याकडची रीत आहे, आणि ते काम भन्तेजींनी सकाळीच केले आहे. आम्हाला समितीने विषय दिला तो जरा वेगळा. समितीतले एक काका म्हणाले, "गावाकडच्या जमिनीचं काय चाललंय ते सांगा. आमदार लोक तिथं मुंबई-नागपूरला काय बोलतात, कायदा काय झाला, काय नाही झाला, ते आमच्या लोकांना कळू द्या." विषय रुक्ष आहे. पण इथे बसलेल्यांपैकी निम्म्या घरांचा जीव त्यात अडकलेला आहे. आपण राहतो जालन्यात. कोणी मोंढ्यात हमाली करतो, कोणी स्टीलच्या कारखान्यात जातो, कोणी शिक्षक आहे, कोणी नोकरीतून निवृत्त झाला. पण अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन, जाफ्राबाद, बदनापूर, कुठल्या ना कुठल्या तालुक्यात आपली माय, आपला चुलता, आपला भाऊ अजून गायरानात नांगर धरून आहे.

आम्ही म्हणजे कोण, तेही सांगितले पाहिजे. रविवारची वंदना झाली की विहाराच्या ओट्यावर चार-पाच जण बसतो. एकजण निवृत्त मास्तर, एकाची हयात कचेरीत कारकुनी करण्यात गेलेली, दोन मुले वकिलीचा अभ्यास करणारी. लोक कागद घेऊन येतात, आम्ही वाचून दाखवतो, अर्ज लिहून देतो. आम्ही वकील नाही आणि पुढारी तर नाहीच नाही. तेव्हा जे सांगू ते कागदावरून सांगू.

मागे एका गावच्या दोन बाया एकाच दिवशी आल्या. दोघी जावा-जावाच म्हणा, चुलत घरातल्या. दोघींच्या सासऱ्यांनी एकाच साली, एकाच माळावर, शेजारी-शेजारी दगड वेचून जमीन केली होती. गायरानाची नोटीस दोघींनाही आलेली. एकीने पदराखालून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. त्यात पिवळ्या पडलेल्या पावत्या, सरकारी शिक्क्याच्या. सरकारी जमिनीत अतिक्रमण केले म्हणून तलाठ्याने सासऱ्याला दरसाल जो दंड केला होता, त्याच्या त्या पावत्या. दुसरीला विचारले, तर ती म्हणाली, "आमच्या मामंजीला त्याची लाज वाटायची. दंड झाला म्हंजी चोरी केल्यावानी. त्यांनी चुलीत घातल्या."

मंडळी, पहिल्या बाईचे काम उभे राहिले. दुसरीचे अजून अडकून आहे. जमीन तीच, घाम तोच. ज्या कागदाची लाज वाटली तोच कागद हक्काचा पुरावा होता, हे त्या म्हाताऱ्याला कोणी सांगितलेच नाही. आजच्या भाषणाला उभे राहण्याचे आमचे कारण एवढेच आहे.

आता थोडे मागे जाऊ. जमिनीचा प्रश्न विधिमंडळात नेणारे आपले पहिले आमदार म्हणजे स्वतः बाबासाहेब. मुंबई कायदेमंडळाचे सभासद असताना १९२८ साली त्यांनी महार वतनासंबंधी विधेयक मांडले. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करा, गावकीच्या वेठीतून माणसे मोकळी करा आणि जमीन त्यांच्याकडे राहू द्या, असा त्याचा रोख होता. विरोध असा झाला की १९२९ मध्ये त्यांना ते मागे घ्यावे लागले. पुढे मुंबई राज्यात कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ चा. मध्ये तीस वर्षे गेली! बाबासाहेबांसारखा कायदेपंडित सभागृहात उभा असताना ही गत, तर तुमच्या-आमच्या अर्जाला तीन वर्षे लागली म्हणून निराश होण्यात अर्थ नाही. (अर्थात, तीन वर्षे लागावीत असेही नाही.)

पण हे झाले मुंबई इलाख्याचे. आपण मराठवाड्याचे लोक तेव्हा निजामाच्या राज्यात. मुंबईच्या कायद्याचा इकडे काही उपयोग नव्हता. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, इनामे रद्द करण्याचा हैदराबादचा कायदा १९५४ चा, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. आपल्या जालन्याला तर वेगळा जिल्हा व्हायला १ मे १९८१ उजाडला. त्याआधीचे जुने रेकॉर्ड शोधायचे तर परतूरकडच्या माणसाला परभणी आठवावी लागते आणि बाकीच्यांना औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. कागद सापडत नाही असे कचेरीत सांगितले की आपण परत येतो. कोणत्या कचेरीत तो असायला पाहिजे, हेच आपल्याला ठाऊक नसते.

हाडोळ्याची जमीन कित्येकांची केव्हाच गेली. कुणाची कर्जात, कुणाची दांडगाईने. उरला तो गावाबाहेरचा माळ. त्या माळावर हक्क सांगायला शिकवले ते कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी. १९५३ चा मराठवाड्यातला भूमिहीनांचा सत्याग्रह आणि त्यानंतर महापरिनिर्वाणदिनी, ६ डिसेंबर १९६४ रोजी सुरू झालेला देशव्यापी सत्याग्रह. लाखोंच्या संख्येने माणसे तुरुंगात गेली. बाया लेकरे काखेत घेऊन गेल्या. दादासाहेब तेव्हा राज्यसभेचे खासदार होते. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांचे निवेदन दिले आणि मगच रस्त्यावर उतरले. सभागृह आणि रस्ता ही दोन्ही चाके त्यांनी एकाच वेळी चालवली. आमच्या मते नंतरच्या काळात एक चाक सभागृहात राहिले, एक रस्त्यावर, आणि गाडी मात्र गायरानातच रुतून बसली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती नीट ऐका, कारण फसगत इथेच होते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे. तिच्या कलम ५० मध्ये सरकारी जमिनीवरचे अतिक्रमण काढण्याचा आणि दंडाचा अधिकार आहे. त्याच्या लगेच पुढचे कलम ५१ अतिक्रमण नियमानुकूल करण्याचे आहे. कायद्याने काठीही ठेवली आणि दारही ठेवले. ते दार कोणासाठी उघडायचे, हे शासन वेळोवेळी निर्णय काढून ठरवते. २७ डिसेंबर १९७८ चा निर्णय निघाला, तो ३१ मार्च १९७८ पर्यंतच्या अतिक्रमणांसाठी. आठवते का ते साल? जुलैमध्ये दोन्ही सभागृहांनी विद्यापीठ नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपली घरे जळाली. ज्या माणसाला रात्री घरात झोपायची भीती, तो तलाठ्याकडे जाऊन "माझी नोंद घ्या" म्हणेल काय? कित्येकांच्या नोंदी तेव्हा राहिल्या त्या राहिल्याच.

दुसरा निर्णय दि. २८ नोव्हेंबर १९९१ चा. अनुसूचित जाती, जमाती व नवबौद्ध भूमिहीनांनी १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात शेतीसाठी केलेली गायरानावरील अतिक्रमणे नियमानुकूल करण्याबाबतचा. तारीख पाहा, १४ एप्रिल १९९०. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा पहिला दिवस. त्याच १९९० साली बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. तारीख आपल्या भावनेची निवडली, हे चांगलेच झाले. पण तारीख म्हणजे रेघ असते. रेघेच्या अलीकडे कोण, पलीकडे कोण, हे सिद्ध करायचे ते कागदाने, आणि कागद कोणाकडे? सिमेंटच्या पोत्यात, उंदराने कुरतडलेला, नाही तर चुलीत.

शिवाय हे दोन्ही शासन निर्णय आहेत. शासन निर्णय म्हणजे कायदा नव्हे. कायदा दोन्ही सभागृहांत मांडला जातो, चर्चा होते, राज्यपालांची सही होते, राजपत्रात छापला जातो. निर्णय मंत्रालयातून निघतो आणि दुसरा निर्णय काढून तो बदलताही येतो. आपल्या गायरानाचा डोलारा उभा आहे तो अशा कागदांवर.

हे किती नाजूक आहे ते २०११ मध्ये कळले. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातल्या एका गावाच्या तळ्याच्या जागेवरून निकाल दिला आणि सर्व राज्यांना सांगितले की गावाच्या सामाईक जमिनीवरील बेकायदा अतिक्रमणे काढा. आपल्या शासनाने १२ जुलै २०११ रोजी त्यानुसार निर्णय काढला. निकाल ऐकून पुष्कळांनी हाय खाल्ली. पण त्या निकालात अपवादही आहे, तो कोणी वाचून दाखवत नाही. शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना पट्ट्याने जमीन दिली असेल, किंवा त्या जागेवर शाळा, दवाखाना यांसारखी सार्वजनिक सोय असेल, तर अशा प्रसंगी ते नियमानुकूल ठेवता येते. म्हणजे न्यायालयानेही आपल्याला दार ठेवले. मात्र "शासनाने दिली असेल तर". पुन्हा कागद आलाच!

मग आला ऑक्टोबर २०२२. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत गायरानावरची अतिक्रमणे त्या वर्षाच्या अखेरपर्यंत काढण्यास सांगितले. गावोगाव नोटिसा गेल्या. त्या वर्षीची दिवाळी आम्ही विसरणार नाही. ओट्यावर रविवारी पाच-सात माणसे यायची, तिथे रांग लागली. ज्यांचे घरच गायरानात, त्या बाया विचारत होत्या की भांडीकुंडी कुठे नेऊ. पुढे कारवाईला स्थगिती मिळाली, लोकांनी श्वास सोडला, आणि रांगही संपली. आमची खरी तक्रार इथे आपल्याच लोकांविषयी आहे. स्थगिती म्हणजे निकाल नव्हे. नोटीस थांबली म्हणून कागद गोळा करणे थांबवायचे नसते.

त्याच डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात गायरान शब्द खूप गाजला. वाशिम जिल्ह्यातल्या सदतीस एकर गायरानाच्या प्रकरणावरून सभागृहात गदारोळ झाला, रोज वर्तमानपत्रात मथळे. गैर असेल तर बोललेच पाहिजे. पण त्या सदतीस एकरांवर जेवढे बोलले गेले त्याच्या दशांश तरी आमच्या मायबापांच्या दीड-दीड, दोन-दोन एकरांवर बोलले जावे, असे वाटणे चूक आहे काय?

आता आमदार काय करू शकतो? आपण आमदाराकडे जातो ते सभामंडपासाठी, हातपंपासाठी, कमानीसाठी, आणि पोराच्या नोकरीच्या चिठ्ठीसाठी. आमदाराचे मूळ काम सभागृहात आहे, ते आपण त्याला कधी सांगतच नाही. विधानसभेत २८८ सदस्य आहेत, विधानपरिषदेत ७८. आपल्या जिल्ह्यातून विधानसभेवर पाच जातात: जालना, बदनापूर, भोकरदन, परतूर, घनसावंगी. त्यातला बदनापूर २००९ पासून अनुसूचित जातीसाठी राखीव आहे. या प्रत्येकाला तारांकित प्रश्न विचारता येतो. त्या छापील प्रश्नांची यादी कधी हाताशी आली तर वाचा, मोठी मौज असते. प्रश्न असतो, "हे खरे आहे काय?" उत्तर येते, "अंशतः खरे आहे." पुढचा प्रश्न, "असल्यास, काय कार्यवाही केली?" उत्तर, "प्रश्न उद्भवत नाही." हसू नका. त्या "अंशतः खरे आहे" मध्येही सरकारने सभागृहात एक गोष्ट कबूल केलेली असते, आणि ती छापली जाते. मंत्र्याने "तीन महिन्यांत करू" म्हटले तर त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. अनुसूचित जातींच्या कल्याणासाठी वेगळी समिती असते, ती जिल्ह्यात दौऱ्यावर येते, अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारते. ती येऊन गेली, हे बहुतेक वेळा आपल्याला दुसऱ्या दिवशी पेपरात कळते.

तेव्हा आमचे म्हणणे असे, की यंदा आमदारांकडे जाताना कमान मागू नका, प्रश्न मागा. जालना जिल्ह्यात १९७८ आणि १९९१ च्या निर्णयांखाली गाववार किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती फेटाळले आणि कोणत्या कारणाने, आणि मंजूर झालेल्यांपैकी किती जणांच्या सातबाऱ्यावर नाव चढले? एवढे छापील उत्तर मिळाले तर प्रत्येक गावातल्या माणसाला आपली जागा कळेल. आणि दुसरी मागणी कायद्याची. निर्णयांवर निर्णय नकोत. भूमिहीनांच्या गायरानाचा एक नीट कायदा सभागृहात मांडा.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. गायरान हे गुरांसाठी राखलेले असते. धनगर बांधव, गवळी, आपल्याच वस्तीतल्या दोन शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्या, यांची जनावरे जाणार कुठे? गावातले लोक हा मुद्दा काढतात तेव्हा तो नेहमी जातीयवादातूनच काढतात असे नाही. आमच्यातही यावर एकमत नाही. मास्तर म्हणतात, आधी माणूस मग गुरू. दुसरे म्हणतात, माळ संपला तर आपलीच शेळी मरेल. आमचे एकमत झाले ते इतक्यावर, की १४ एप्रिल १९९० पूर्वीचा आपला जो कष्टकरी आहे त्याचा हक्क आधी पक्का करा, आणि नव्याने माळ फोडून जमीन विकणारे जे दलाल निघाले आहेत त्यांच्या पाठीशी आपण उभे राहायचे नाही, मग तो आपल्या समाजाचा का असेना.

दुसरी वाटही शासनाने काढलेली आहे. २००४ पासून दादासाहेबांच्याच नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन. पूर्वी निम्मे कर्ज असायचे, २०१८ पासून पूर्ण अनुदान झाले, आणि विधवा, परित्यक्ता बायांना अग्रक्रम आहे. योजना उत्तम. अडचण विकणारा मिळण्याची. २०१८ च्या निर्णयात जिरायतीला एकरी पाच लाख, बागायतीला आठ लाखांची मर्यादा घातली. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला, जमिनीचे भाव कुठे गेले ते तुम्ही जाणता. त्या दरात कोण कसदार जमीन देईल? खडकच मिळायचा.

आता उठायच्या आधी कामाचे सांगतो, लिहून घ्या.

तलाठ्याकडे गाव नमुना एक-ई असतो. ती अतिक्रमणाची नोंदवही. तिच्यात आजोबाचे, वडिलांचे नाव कोणत्या सालापासून आहे ते पाहा आणि नक्कल मागा. देत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. हा कायदा २००५ चा आहे, फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही. पीकपाहणीचे जुने उतारे, दंडाच्या पावत्या, पंचनामा, जुनी नोटीस, सत्याग्रहात तुरुंगात गेल्याचा कागद, काहीही फेकू नका. जे नियमानुकूल झाले त्यांनी फेरफार पडला का आणि सातबाऱ्यावर नाव आले का, ते एकदा बघून घ्या. आदेश निघाला म्हणून पेढे वाटले आणि फेरफार पडलाच नाही, अशी घरे आम्ही पाहिली आहेत. म्हातारा गेला असेल तर वारसनोंद करा, आणि तीत बायको आणि मुलींची नावे घाला. "पोरी परक्याच्या घरी गेल्या" म्हणणारा पंचशील घेतलेला माणूस भेटला की आम्हाला वाईट वाटते.

आणि ही जमीन भोगवटादार वर्ग दोनची, नवीन व अविभाज्य शर्तीची असते. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. पोरीच्या लग्नासाठी, दवाखान्यासाठी स्टॅम्पवर कोणी लिहून मागितले तर लिहून देऊ नका. शर्तभंग झाला की जमीन सरकारजमा होऊ शकते. घेणाऱ्याच्या हाती लागो न लागो, आपल्या हातून जाते.

त्या दुसऱ्या बाईचे काय झाले, असे मघापासून समोरची एक ताई खुणेने विचारते आहे. तिच्या सासऱ्याचे नाव एक-ई मध्ये आहे की नाही हे पाहण्यासाठी अर्ज टाकला आहे. तिच्या चुलत जावेच्या एका पंचनाम्यात चतुःसीमा लिहिताना पूर्वेला तिच्या सासऱ्याचे नाव आले आहे, तेवढा धागा सध्या हातात आहे. त्यावर लढायचे ठरले आहे.

पुढच्या रविवारपासून वंदनेनंतर आम्ही ओट्यावर नेहमीप्रमाणे बसू. येताना कागदांची झेरॉक्स आणा. मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका, आमच्याही नाही.

जय भीम.